उजवा खांदा

पार्कच्या आतल्या हॉटेलात उतरायचं की बाहेर कुणाच्या घरी खोली घ्यायची, यावरून आमच्याकडे तीन आठवडे खल चालला होता. आमचे हे बस डेपोत वेळापत्रकं आखतात. त्यामुळे साधं दूध आणायचं असलं तरी त्यांना कागदावर रकाने लागतात. त्यांनी दोन रकाने आखले. आत राहिलं तर खोलीपासून पहिल्या पाळण्यापर्यंत चालत चार मिनिटं, बाहेर राहिलं तर बसची वाट बघण्यासकट चाळीस. आत मुलांसाठी 'पहिला तास', बाहेर काही नाही.

हा पहिला तास म्हणजे आत राहणाऱ्यांची खास सोय. सकाळी सात ते आठ, सगळ्यांसाठी दारं उघडायच्या आधी, पार्क फक्त त्यांच्या मुलांचं. मुलांना मिरवणुकीचे पोशाख घालून हिंडायला मिळतं. मोठ्यांना मात्र प्रवेश नाही. त्यांनी खोलीत निवांत लोळावं.

"मोठ्यांना का नाही येऊ देत?" मी विचारलं.

"अगं, झोपू देतायत तर झोप की."

"आपल्याला झोपवून कुणाचं काय भलं होतंय, ते आधी कळू दे."

"तुला वाढदिवसाच्या केकमध्येसुद्धा गोम दिसते," असं म्हणून यांनी कागदाची घडी घातली.

आहेच मी शंकेखोर. अठरा वर्षं कपडे शिवते आहे. बायका 'गेल्या वर्षीचंच माप धरा' म्हणत येतात आणि पट्टी भलतंच सांगते. माणसाचं ऐकावं आणि पट्टीवर विश्वास ठेवावा, एवढं मी या धंद्यात शिकले. एका भिंगरीला मात्र मी कधी पट्टी लावली नाही. भिंगरी म्हणजे आमची आठ वर्षांची लेक. ती मापाला दोन क्षण उभी राहील तर शपथ. तिचं माप मी ती गोल फिरत असतानाच डोळ्यांनी घ्यायची. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली होता, जन्मापासून. डॉक्टर म्हणाले होते, काही नाही, असतो एखाद्याचा. बाहेर कुणाला तो कधी दिसला नाही, कारण तिचा प्रत्येक फ्रॉक मी उजवीकडे अर्धा इंच उतरता कापायची. यांनासुद्धा ठाऊक नव्हतं.

शेवटी माझं चाललं. आम्ही बाहेर खोली घेतली.

घर एका अरुंद गल्लीच्या टोकाला होतं, खाली कपडे धुण्याचं दुकान आणि वर चार खोल्या. घरमालकीण साठीच्या पुढची, हातांची कातडी साबणाने पांढरी पडलेली. पूर्वी ती पार्कच्या हॉटेलात चादरी धुवायला होती. सगळे तिला काकू म्हणायचे, आम्हीही म्हणू लागलो. खोली स्वच्छ होती, गाद्या पातळ, नळाला पाणी बारीक. हे दर तासाला उसासा टाकून तक्त्याची आठवण करून देत होते.

काकूंची एक पद्धत होती. सकाळी पार्ककडे निघताना त्या प्रत्येक मुलाला जिन्याखालच्या दाराला टेकवून उभं करायच्या आणि चौकटीवर डोक्यापाशी पेन्सिलीने रेघ ओढायच्या. संध्याकाळी मूल परत आलं की पुन्हा उभं करायचं, पुन्हा रेघ. बाकीचे पाहुणे कौतुकाने फोटो काढत होते.

मी विचारलं, "काकू, दिवसभरात मूल वाढतं होय?"

"नाही वाढत," त्या म्हणाल्या. "वाढू नये."

चौकट रेघांनी भरून गेली होती. माझी नजर अशा गोष्टींवर आपोआप जाते. सगळ्या रेघा जोडीने होत्या, एकमेकींना चिकटून. फक्त खालच्या बाजूला एका जोडीत दोन बोटांचं अंतर होतं. म्हातारीचा हात हलला असेल, असं मी मनात म्हटलं. पण परक्या बाईने माझ्या मुलीला दिवसातून दोनदा मापावं, हे मला रुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे आणि भिंगरी खोलीत पडले होते. मी पाणी घ्यायला खाली आले, तर काकू चादरीच्या घड्या घालत होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, "मुलीला ओळखायची काही खूण आहे ना? तुम्हालाच ठाऊक असेल अशी?"

"का?"

"असलेली बरी, म्हणून विचारलं."

"माझ्या मुलीचं माप मला डोळे मिटून पाठ आहे," मी फटकन म्हणाले.

"मग बरं आहे. मला सांगू नका, पण विसरू नका."

मी तडक वर गेले आणि बॅग भरायला घेतली. रेघा काय ओढते, खुणा काय विचारते! हिचा काहीतरी डाव आहे, याबद्दल मला शंकाच उरली नाही. यांना तर आनंदच झाला. त्यांनी तासाभरात आतल्या हॉटेलात शेवटच्या रात्रीची खोली मिळवली. निघताना काकू दारात उभ्या होत्या. मी मागे पाहिलं नाही. स्वतःच्या पायांनी मी माझ्या मुलीला तिकडे घेऊन गेले. हे मी कुणावर ढकलू शकत नाही.

हॉटेलात सगळं यांच्या तक्त्याबरहुकूम होतं. जाड गाद्या, भरपूर पाणी, गालिच्यावर पावलांचा आवाज नाही. संध्याकाळी सहाला कपाट उघडलं तर आत एक छोटा पोशाख लटकत होता. निळा कोट, सोनेरी काठ, वर चिठ्ठी: 'पहिल्या तासासाठी'.

भिंगरीने उड्या मारत तो अंगात घातला. बाह्या मनगटाला बरोबर, छाती बरोबर, उंची बरोबर. रेडिमेड कपडा असा बसत नाही. मी तो काढून उलटा केला. डाव्या खांद्याला साधं अस्तर होतं. उजव्या खांद्यात आतून अर्ध्या इंचाची गादी शिवलेली होती, हाताने, बारीक टाक्यांनी.

"हिचं माप कुणी घेतलं?" मी यांना विचारलं.

"असेल काहीतरी ठोकताळा. वय विचारलं होतं की फॉर्मवर."

"वयावरून खांदा कळतो?"

"कुठला खांदा?" हे म्हणाले.

मला उलगडा झाल्यासारखं वाटलं. काकूच! पूर्वी इथेच कामाला होती, आताही सांगून देत असेल. मनाशी हे जुळवल्यावर मला थोडं बरंसुद्धा वाटलं. चोर सापडला की घर सुरक्षित वाटतं, तसं. तरी मी कात्री काढली आणि उजव्या खांद्यातली ती गादी उसवून टाकली. आमच्या खांद्यावर या पार्कवाल्यांची मेहरबानी नको. भिंगरीला न पाठवायचाही विचार होता, पण तिने एवढं तोंड केलं की हेही तिच्या बाजूने झाले. मी एकच अट घातली. झोपणार नाही, तासभर दारापाशी उभी राहणार.

सकाळी सातला पिवळ्या कोटातल्या एका तरुण ताईने वीसेक मुलांना आत नेलं. गादी नसल्यामुळे भिंगरीचा कोट उजवीकडे झुकला होता. अगदी हवा तसा. ती गर्रकन फिरली, मला हात केला आणि पळाली.

मी गजांच्या दाराला नाक लावून उभी राहिले. मुलं दिसत नव्हती, पण ऐकू येत होती. कुणी किंचाळतंय, कुणी भांडतंय, कुणाला पाळण्यात आधी बसायचंय. त्यात भिंगरीचा आवाज मला ओळखू येत होता.

साडेसातला सगळे आवाज थांबले.

मी घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट. दोन. दाराशी हाक मारावी असं कुणी नव्हतं. मग हसण्याचा आवाज आला. सगळी मुलं हसत होती, पण एकदम सुरू झाली आणि एकदम थांबली.

आठला दार उघडलं. मुलं रांगेत बाहेर आली. भिंगरी सहावी होती. चालत आली.

दहा पावलांवरूनच मला दिसलं. कोट सरळ बसला होता.

मी तिला तिथेच गुडघ्यांवर बसून धरलं. उजव्या खांद्यात हात घातला. आत गादी नव्हती, माझ्या कात्रीने सुटलेले दोरे तेवढे होते. कोटाखाली दोन्ही खांदे एका रेषेत होते.

"मजा आली का गं?"

"हो, आई," ती म्हणाली आणि मी हात काढेपर्यंत स्थिर उभी राहिली.

खोलीत जाऊन मी तिला मी शिवलेला फ्रॉक घातला. उजव्या मुंढ्यात कापड ताणलं आणि गळ्याकडे दोन चुण्या पडल्या. तो घरून निघायच्या चार दिवस आधीच शिवला होता. कालपर्यंत त्यात एक चुणी नव्हती.

मी धावत खाली गेले. पिवळ्या कोटातली ताई पोशाख परत लावत होती. काय विचारायचं हेच मला सुचेना. माझी मुलगी मला द्या, म्हणायचं? माझी मुलगी तर वर खोलीत होती.

"काही कमी-जास्त वाटतंय का?" तिनेच विचारलं, अगदी गोड आवाजात.

"खांदा..."

"हां, त्या कोटाची गादी उसवलेली दिसली आम्हाला." तिने हँगर दांडीला अडकवला. "हरकत नाही. ती लागलीच नाही."

मी तिला ढकलून आतल्या दाराशी गेले. दार ढकललं, लाथ मारली, भिंगरीच्या नावाने ओरडले. दोन रखवालदारांनी मला धरून बाहेर आणलं. यांनी सगळ्यांची माफी मागितली. "हिची झोप झालेली नाही," हे म्हणत होते.

दुपारी बसला निघताना मी हट्टाने वाट वाकडी केली आणि काकूंचं घर गाठलं. हे मुलीला घेऊन गल्लीच्या तोंडाशी चिडून उभे राहिले. मी तिला त्यांच्याकडून ओढून घेतलं आणि काकूंच्या चौकटीला टेकवलं.

"काकू, रेघ बघा. आमची रेघ कुठंय?"

त्या जागी ओल्या फडक्याने पुसल्याचा डाग होता.

"जे आत जातात त्यांची मी पुसते," काकू म्हणाल्या. "नाहीतर आया रोज येऊन दार धरून बसतात."

"परत मिळतं का हो कुणी?"

त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी त्यांच्याकडे पाहून हसली. काकूंनी नजर वळवली आणि चादर झटकायला घेतली. "ज्या आल्या त्या उशिरा आल्या. पार्क बंद झाल्यावर. तुम्हाला अजून तीन तास आहेत. पण आत एकटीनं जावं लागेल, आणि ही जी आहे, हिला बाहेर सोडून. दोघी एकदम आत चालत नाहीत."

"आणि आत मिळाली नाही तर?"

"तर हीसुद्धा नाही."

हे येऊन मला दंडाला धरून घेऊन गेले. बस सुटायला पाच मिनिटं होती.

बसमध्ये हे पुढच्या सीटवर लगेच झोपी गेले. मुलगी खिडकीशी, मी तिच्या शेजारी. रस्त्याच्या पाट्या मी मोजत होते. पुलाच्या अलीकडचा थांबा शेवटचा. तिथे उतरलं तर उलटी बस धरून पार्क बंद व्हायच्या आत पोचता आलं असतं. पुढे बस थेट आमच्या गावी थांबणार होती. मी उतरणार होते. ठरवलं होतं. हिला यांच्या शेजारी बसवायचं, बेल ओढायची आणि मागे न बघता उतरायचं.

थांबा दिसू लागला. मी दोरीकडे हात नेला.

"आई."

मी पाहिलं.

ती फ्रॉकच्या उजव्या खांद्याकडे बघत होती. त्या दोन चुण्यांकडे. मग तिने हळूच श्वास सोडला आणि तिचा उजवा खांदा खाली आला. थोडा जास्त आला. तिने तो किंचित वर घेतला. चुण्या गेल्या.

"असा?" तिने विचारलं.

माझा हात दोरीवरच होता. बस थांबली. दोन माणसं उतरली. ती माझ्याकडे बघत होती, चेहऱ्यावर काही लबाडी नाही, फक्त काळजी. नव्या शाळेत पहिल्या दिवशी मुलं बाईंकडे बघतात तशी. आत काहीच नसेल तर? आणि ही इथे भरल्या बसमध्ये आईला शोधत राहील? मी भित्री निघाले. मी हे साफ सांगते.

दार बंद झालं. बस पुलावर चढली.

"आणखी काय काय होतं?" तिने विचारलं. "सांगशील?"

पुढचे तीन तास मी सांगत राहिले. ती झोपताना कुठला पाय पांघरुणाबाहेर काढते. रागावली की जिन्याच्या कितव्या पायरीवर जाऊन बसते. बाबांच्या कानात काय पुटपुटते, आणि मला काय नावाने चिडवते. सांगताना मला रडू येत होतं, तेव्हा ती माझे डोळे पुसत होती. एकेक गोष्ट ऐकून ती मान हलवायची, ओठांतल्या ओठांत घोकायची, आणि पुढची विचारायची. एकदाही ती म्हणाली नाही, 'हे मला माहितीये.'