बाराव्या खुर्चीवरचे आजोबा

"आजोबा कुठे आहेत?" रुचीने पुन्हा विचारलं, आणि या वेळी तिचा आवाज चिरकला.

टेबल मांडून तयार होतं. पांढरी चादर, कडू भाजी, खजुराचं गोड चाटण, द्राक्षांचा रस. आज वल्हांडणाची दुसरी रात्र. फार पूर्वी यहुदी लोक मिसर देशाच्या गुलामीतून सुटले, ते इतक्या घाईने की पीठ फुगायलाही वेळ मिळाला नाही. म्हणून या सणात बेखमीर भाकरी खायची. बनारसच्या रामघाटावर हा सण साजरा करणारं घर एकच होतं, यहुदी दिवेकरांचं. रुचीच्या बाबांची बँकेत बदली झाली म्हणून ते इथे आले, आणि मागाहून अलिबागकडच्या गावाहून आजोबाही.

आजोबांना जुनं सगळं लख्ख आठवायचं, पण नवं काही म्हणता काही टिकायचं नाही. घराचा पत्तासुद्धा!

"संध्याकाळ होत आली, आणि त्यांना गल्ली ओळखता येत नाही..." आई खिडकीतून खाली बघत म्हणाली.

"घाबरायचं कशाला, वहिनी?" खालच्या मजल्यावरचे घरमालक ढुंढिराजकाका मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "म्हातारा माणूस बनारसात कुठे जाणार? गंगेवर! मी होडी काढायला सांगतो. भोसले घाट, मणिकर्णिका, सगळं पालथं घालू."

मणिकर्णिका! तिथे तर चिता जळतात.

"काका, टेबलावरच्या भाकरीही नाहीयेत!" रुची कशीबशी म्हणाली. "भरतकामाच्या रुमालात ठेवलेल्या..."

"माशांना घालायला नेल्या असतील! चला हो दिवेकर, उजेड आहे तोवर. आणि पोरांनो, गल्लीबाहेर पाऊल टाकायचं नाही. आधीच एक हरवलाय!"

बाबा त्यांच्यामागे धावले. आई दारातच खाली बसली.

रुचीला जिन्यावर काकांचा मुलगा शार्दूल आणि त्याची धाकटी बहीण बकुळ भेटली. हनुमान जयंती आणि गुड फ्रायडे लागून आल्याने शाळेला सुट्टी होती. सकाळीच शार्दूल खुशीत ओरडला होता, "पौर्णिमेचा चंद्र एक, सण तीन! असाच यायला पाहिजे दरवर्षी!" आता त्याचंही तोंड उतरलं होतं.

"माशांना?" रुची रडत रडत म्हणाली. "सणाची भाकरी आजोबा माशांना घालतील? खाली सांडलेला कणसुद्धा ते उचलून घेतात!"

"मग भाकरी घेऊन माणूस जातो कुठे?" शार्दूलने विचारलं.

"जेवायला," बकुळ म्हणाली. "डबा घेऊन जातात ना, तसं."

रुचीचं रडणं एकदम थांबलं. काल रात्री काय झालं ते तिला आठवलं. या सणाला दार उघडून म्हणायचं असतं, ज्याला भूक असेल त्याने यावं, आमच्याबरोबर जेवावं. आजोबांनी दार उघडलं, आणि गल्लीतून एक गाय डोकावली. बस! गावाकडे या रात्री घर भरायचं. आजोबा केवढे रडवेले झाले होते! "माणसं कुठेत?" असं सारखं विचारत होते. बाबा मोबाइलवरची नजरही न काढता म्हणाले होते, "उद्या येतील हो पाहुणे." आणि बोलावलं कुणालाच नव्हतं!

"ते माणसं शोधायला गेलेत," रुची म्हणाली. "हीच भाकरी खाणारी माणसं. शार्दूल, रविवारी आपण त्यांना फिरायला नेलं होतं..."

"चर्च!" शार्दूल ओरडला.

गोदौलियाच्या बाजूला, चर्चच्या दारात लोक झावळ्या घेऊन उभे होते. आजोबांनी थांबून चौकशी केली, तेव्हा तिथले फादर म्हणाले होते, "गुरुवार को आइए, बाबा. येशू ने आख़िरी बार शिष्यों के साथ जो भोजन किया, वो आप ही के त्योहार का था. वही बेखमीर रोटी." आजोबा किती हसले होते! "म्हणजे तुम्ही आमच्याच पंगतीतले की!"

"आणि आज गुरुवार आहे," बकुळ म्हणाली.

आईला सांगावं, तर तिने मुळीच सोडलं नसतं. ढुंढिराजकाकांचा हुकूम गल्लीबाहेर पाऊल टाकायचं नाही असा होता. "मागच्या जिन्याची गल्ली वेगळी आहे," शार्दूल गंभीरपणे म्हणाला, आणि तिघं मागच्या जिन्याने पळत सुटली.

पण चौखंब्याच्या बोळात हनुमान जयंतीची मिरवणूक अडलेली! ढोल, गुलाल, भोंगे, पुढे जायला बोटभर जागा नाही. रुची ज्याला त्याला विचारत सुटली, "भैया, सफ़ेद टोपीवाले एक दादाजी देखे?"

"हाँ बिटिया," एक पानवाला म्हणाला, "एक बुढ़ऊ तो मणिकर्णिका की तरफ़ गए हैं. सफ़ेद टोपी थी."

रुची जागीच थांबली. डावीकडे मणिकर्णिकेची गल्ली, उजवीकडे गर्दी. समजा, आपण चुकलो असलो तर? आपण चर्चकडे धावतोय आणि आजोबा तिकडे पायऱ्यांवरून घसरले तर? या शहरात पांढऱ्या टोपीचे हजार म्हातारे असतील, पण तिला आजोबा एकच होते. तिला वाटलं, इथेच बसावं आणि मोठ्याने रडावं.

"भैया, उनके हाथ में रुमाल था? बेलबूटेवाला?" बकुळने विचारलं.

"ना. लोटा था."

"ते नाहीत!" रुचीने डोळे पुसले. "चला!"

लोकांच्या कोपरांखालून, एका बैलाला वळसा घालून, गुलालाने लाल होत तिघं धावली. बकुळची चप्पल तुटली, ती तिने हातात घेतली. चर्चच्या पायऱ्या चढताना रुचीच्या छातीत दुखत होतं. दार उघडंच होतं. आत नसले, तर पुढे कुठे शोधायचं हे तिला ठाऊक नव्हतं.

आत अगदी शांत होतं. पुढे येशूच्या बारा शिष्यांच्या आठवणीने ओळीने बारा खुर्च्या, आणि येशूने शिष्यांचे धुतले होते तसे फादर गुडघ्यांवर बसून एकेकाचे पाय धूत होते. शेवटच्या खुर्चीत, मांडीवर भरतकामाचा रुमाल घेऊन, पाय परातीत सोडून बसले होते आजोबा!

"आजोबा!" रुचीने धावत जाऊन त्यांना मिठी मारली, आणि आतापर्यंत दाबलेला हुंदका फुटला.

"उशीर केलास गं!" आजोबा म्हणाले. "बघ, किती माणसं जमलीत!"

फादर हलकेच हसले. "हमारे बारहवें भाई जुलूस में फँस गए. कुर्सी ख़ाली थी, बाबा आकर बैठ गए. येशू भी इन्हीं की क़ौम के थे. मैं कैसे उठाता?"

त्यांनीच बाबांना फोन लावून दिला. थोड्या वेळाने बाबा आले ते घामाने निथळत. आजोबांचे ओले पाय पाहून ते तिथेच खाली बसले, आणि टॉवेलने ते पाय पुसू लागले. बराच वेळ पुसत राहिले.

आजोबा मात्र उठायला तयार नव्हते. "पाहुण्यांना घेतल्याशिवाय मी घरी जायचा नाही!"

प्रार्थना संपल्यावर फादर आणि उशिरा पोचलेले ते बारावे भाई बरोबर निघाले. ढुंढिराजकाका सहकुटुंब वर आले, आणि दारातच त्यांनी स्वतःचे कान पकडले. "आम्ही सगळे घाट धुंडाळले, आणि या पोरांनी एका भाकरीवरून माणूस शोधला! शाब्बास रे! आणि शार्दूल, मागच्या जिन्याचं उद्या बघतो."

आईने रुचीला जवळ घेतलं. "तू नसतीस तर..."

या रात्री सगळ्यांत धाकट्याने एक प्रश्न विचारायचा असतो. रुचीने तो बकुळच्या कानात सांगितला.

"आजोबा," बकुळने विचारलं, "आजची रात्र बाकीच्या रात्रींपेक्षा वेगळी का?"

आजोबा बोलायला गेले आणि थांबले. दरवर्षी तोंडपाठ म्हटलेलं उत्तरही निसटलं होतं. रुचीने टेबलाखाली त्यांचा हात घट्ट धरला. आजोबांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, मग उघड्या दाराकडे.

"कारण आज," ते म्हणाले, "दार उघडलं तेव्हा माणसं आली."

आणि त्यांनी भाकरी मोडून पहिला तुकडा बकुळच्या हातावर ठेवला.