नवरी फुलं वेचायला गेलीय

लग्नाचा आरसा आणायला गोलनार स्वतःच इस्फहानच्या बाजारात गेली. नवरीनं हिंडू नये म्हणून आई ओरडत राहिली, पण हिच्या पायांना सकाळपासून भिंगरी लागली होती. आरसे रंगवणाऱ्या उस्ताद अर्दलाननी चौकटीवर टवटवीत गुलाब रंगवला होता आणि त्याच्याकडे टक लावून बसलेला बुलबुल.

"आरशात नवऱ्याकडं बघ हो, नाहीतर गुलाबाकडंच बघत बसशील," म्हातारा म्हणाला. ती खळखळून हसली.

सल एकच होता. सहा वर्षांपूर्वी बहमनकाका तिच्या भावाला, सियामकला, खानसारच्या डोंगरावर घेऊन गेले आणि एकटेच परतले. पोरगा सीमेपार पळाला म्हणाले. कुणी उलट विचारलं नाही, कुणी शोधलं नाही. बाप आधीच गेलेला. त्याची फळबाग गुपचूप काकांची झाली.

दुपारी तिला आरशासमोर बसवलं. डोक्यावर रेशमी कापड धरून, संसार गोड व्हावा म्हणून मैत्रिणी त्यावर साखरेचे सुळके घासत होत्या, खिदळत होत्या. मौलवींनी संमती विचारली. पहिल्यांदा नवरी गप्पच राहते, रिवाजाप्रमाणे बायकाच ओरडल्या, "नवरी फुलं वेचायला गेलीय!"

गोलनारनं आरशाकडे पाहिलं. चौकटीवरचा गुलाब मान टाकत होता. बघता बघता तिथं लाल घंटा लोंबू लागल्या... उलटी ट्यूलिप. निरपराध मारल्या गेलेल्यासाठी खाली मान घालून रडणारं, खानसारच्या उतारावरचं फूल. कोल्ह्याच्या बिळासारखा उग्र वास सुटला.

मौलवींनी पुन्हा विचारलं. "गुलाबपाणी आणायला गेलीय," बायका म्हणाल्या. त्या गलक्यात एक हसरा, पुरुषी आवाज मिसळला. सियामकचा.

"नाही गं... अजून फुलंच वेचतेय. खडकापाशी... ये."

तिसरी वेळ. आता नवरीनं म्हणायचं, वडीलधाऱ्यांच्या परवानगीनं, हो. वडीलधारे म्हणजे काका. गोलनारनं आरशातून काकांकडे रोखून पाहिलं.

"परवानगी राहू द्या, काका. सियामकला कुठल्या खडकाखाली पुरलंत?"

काका मोठ्यांदा हसले. "पोरीला उपाशी बसवलंत वाटतं. जागची हलली नाही, आणि हिला म्हणे खडक दिसला."

आईनं तिला शांत करायला हात धरला आणि थबकली. सकाळी तिनंच घासून लख्ख केलेल्या लेकीच्या नखांत ओली माती भरली होती. तिनं गोलनारची मूठ उघडली. आत खाली मान घातलेलं लाल फूल, अजून ठिबकणारं. ते वसंतातच उमलतं. बाहेर अंगणात पानगळ लागली होती.

काकांचं हसू विझलं.

"कुठं..." आईनं नखांतल्या मातीवर बोट फिरवलं. "कुठं जाऊन आलीस गं?"