पाच वाक्यं, मग जा

गुरुवार, १८ जानेवारी २०२४. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला, अंगावर शाल लागेल इतकी थंडी. तारीख आधीच सांगून ठेवतो, नाहीतर हा सिद्धू उद्या म्हणेल, काकांनी रचून सांगितलं.

"मी कशाला म्हणू, काका? सांगा की."

सांगतो. शेकोटीत आणखी एक लाकूड सरकव.

सोमलिंग माझा जुना मित्र. अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडं त्याचं दुमजली घर आहे. खाली तो आणि त्याची बायको काशम्मा. वरची खोली शिवानंद सरांना इंग्रजीच्या क्लाससाठी दिलेली. त्या रात्री पाच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. अकराच्या सुमाराला काशम्मा म्हणाली, "टाकी भरली असंल बघा. सगळं वाहून जाईल." सोमलिंग गच्चीवरचा कॉक बंद करायला बॅटरी घेऊन निघाला. एवढंच काम होतं.

पण त्याच्याही आधी तुम्हाला क्लासची रीत कळायला हवी.

दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात राबणारी पोरं संध्याकाळी तिथं यायची. दारातल्या टोपलीत फोन टाकायचे आणि बसायचं. क्लास सुटताना एकेकानं दाराला पाठ लावून उभं राहायचं आणि आज आपण काय काय केलं ते इंग्रजीत, भूतकाळात सांगायचं. पाच वाक्यं, मग जा. सर समोर टेबलाशी बसत. हातात लाकडी फूटपट्टी. वाक्य चुकलं की टेबलावर एकदा टक. म्हणजे पुन्हा म्हण. पाचही जमली की टक टक. म्हणजे जा. सोमलिंगला इंग्रजी येत नव्हतं, पण चार वर्षं डोक्यावर तेच ऐकून टकटकीचा अर्थ पाठ झाला होता.

शाकीर सगळ्यात कच्चा. दुबईच्या हॉटेलात नोकरी मिळवायची म्हणून आला होता. नाव घालायला त्याची आई आली होती, चांदबी. घरी बसून चादरींना दुमड घालायची. सही येत नव्हती, म्हणून सरांनी शाईचा पॅड पुढं केला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा रे, अंगठेबहाद्दर आईचा पोरगा दुबईत इंग्रजी झाडणार!" पोरं हसली. चांदबी निळा अंगठा पदराला पुसत म्हणाली, "बोलेगा साब. मेरा बच्चा बोलेगा."

जानेवारीच्या आठ तारखेला सकाळी तिला दवाखान्यात नेलं. शाकीर दिवसभर तिच्याजवळ होता. संध्याकाळी तिनंच त्याला क्लासला पाठवलं. सुटायच्या वेळी टोपलीतला त्याचा फोन थरथरायला लागला. थांबायचा, पुन्हा थरथरायचा. शाकीर उठला.

"सर, जाऊ का?"

"पाच वाक्यं, मग जा."

तो दाराला पाठ लावून उभा राहिला. "टुडे माय मदर गो हॉस्पिटल."

टक.

"माय मदर... गोज हॉस्पिटल."

टक. "आई काय रोज दवाखान्यात जाते का, राजा? हवा खायला?"

वर्ग हसला. सरांनी टोपलीतून फोन उचलला, स्क्रीन पाहिली आणि तो टेबलावर पालथा ठेवला. पोरांनी हे डोळ्यांनी पाहिलं. त्या एका वाक्यावर सरांनी त्याला पाऊण तास उभा केला. पोरगा रडायला लागला तेव्हा म्हणाले, "आता रडून दाखवतोयस ते पण इंग्रजीत सांग." शेवटी टक टक झालं. शाकीर जिन्यावरून एका पायात चप्पल घालून पळाला, ते सोमलिंगनं पाहिलं.

तो दवाखान्यात पोचला त्याच्या दहाच मिनिटं आधी चांदबी गेली होती. शाकीर आला का, शाकीर आला का, एवढंच विचारत होती.

"आणि सर काय म्हणाले, काका?"

सर माणसांत म्हणाले, "मला वाटलं पोरगा धड्यातलं वाक्य म्हणतोय. दवाखाना खरा आहे हे मला कसं कळणार?" लोकांना पटलं. क्लासात रोज कुणाची तरी आई बाजारात जाते, कुणाचा बाप झाडावरून पडतो. कोण खरं धरतं?

आता अठरा तारखेची रात्र.

गड्ड्याच्या जत्रेमुळं क्लासला सुट्टी होती. तरी सरांची स्कूटर खाली उभी होती. वरच्या खोलीत दिवा होता. सोमलिंग जिना चढला. दाराची बाहेरची कडी काढलेली. आतली तर कधीच तुटलेली. दार नुसतं लोटलेलं. पलीकडून, अगदी दाराला चिकटून, सरांचा आवाज आला.

"आय लॉक्ड माय हाऊस. आय केम टू द क्लास."

टक.

सोमलिंगला वाटलं, कुणाची तरी शिकवणी चाललीय. पण आवाज दाराशी आणि फूटपट्टी लांब, टेबलाकडं.

"आय केम टू द क्लास. बरोबर आहे की हे!"

टक.

"मग काय म्हणू?"

टक.

"शाकीर होता का हो आत, काका?"

शाकीर त्या रात्री रात्रपाळीला होता. चार जणांच्या डोळ्यांसमोर. मध्ये बोलू नको.

टाकी भरून पाणी गच्चीवर सांडायला लागलं होतं. सोमलिंगला ते ऐकू येत होतं. तरी तो दाराशीच कान देऊन उभा राहिला.

"शाकीर आस्क्ड मी..."

टक नाही.

"आय सेड नो."

शांत.

"द फोन रँग."

शांत.

"आय लाफ्ड."

शांत... सोमलिंगनं बोटांवर मोजली. चार.

"ही केम लेट."

टक.

"हिज मदर डाइड."

टक.

"मी शिक्षक आहे... मला जाऊ द्या..."

टक.

दार नुसतं लोटलेलं होतं. सरांनी एका बोटानं ओढलं असतं तरी उघडलं असतं. ओढलं नाही. पलीकडून फक्त श्वास.

मग अगदी हळू,

"आय न्यू."

...

सिद्धू, तू शिकलायस. सांग यांना.

"म्हणजे... ठाऊक होतं."

टक टक.

दारावर काहीतरी जड घसरत खाली आलं. सोमलिंगनं दार ढकललं, ते अर्धंच उघडलं. मागं सर पडले होते. डॉक्टर बाराला पाच कमी असताना आले. सर संपले होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. खिडक्यांना जाळी होती. शाईचा पॅड कपाटात होता, वाळून दगड झालेला. फूटपट्टी टेबलावर होती. तिच्या एका टोकाला निळ्या अंगठ्याचा ठसा होता. सोमलिंगनं त्यावर बोट टेकवलं. बोट निळं झालं.