भट्टी बंद करू नका, साहेब

साहेब, आधी चहा घ्या. उद्या भट्टी बंद करायचा हुकूम जरा बाजूला ठेवा. चिडू नका. तुमच्या आधीचे साहेबही असेच चिडायचे.

माझं काम साधं. चालू अणुभट्टीच्या गाभ्यात काही थरथरलं, तर ते कुठे हे भोवतीच्या डिटेक्टरांवरून ओळखायचं. जिकडे थरथर, तिकडची रेघ पडद्यावर नाचते. वर्षापूर्वी एका दुपारी पूर्वेची नाचायला लागली. मी तारांची अदलाबदल केली. पडद्याचा दोष असता, तर नाच त्याच रेघेवर राहिला असता. तो तारेबरोबर सरकला. म्हणजे पडदा ठीक होता, थरथर खरीच होती.

मग थरथर उत्तरेला गेली. तिथून पश्चिमेला. कॅमेऱ्यात बघतो तर माझा धाकटा भाऊ, रंगारी, भिंतीबाहेरचे कठडे रंगवत चाललेला. तो जिकडे, थरथर तिकडे.

फोन केला. "अरे, जरा दक्षिणेला जा."

"दादा, हात भरलेत रंगानं..."

"जा म्हणतो ना!"

गेला. रेघही त्याच्यामागे गेली.

तेव्हाच्या साहेबांना म्हटलं, "भट्टी बंद करा, ती माझ्या भावाच्या मागे लागलीय!" ते खेकसले, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मग त्यांना ढकललं आणि मीच बटण दाबलं.

सगळ्या रेघा शांत झाल्या. जिवात जीव आला हो! आणि कॅमेऱ्यात... भाऊ त्याच क्षणी खाली कोसळला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. धडधाकट पोरगा! भावजय अजून माझं तोंड बघत नाही.

भट्टी पुन्हा सुरू झाली. वर्षभर गपगुमान होती. आज तुम्ही रुजू झालात आणि पश्चिमेची रेघ नाचायला लागली. ही खोली पश्चिमेलाच आहे.

हसा, हसा! तारा बदलून पाहिल्यात मी. उद्या बंद केलीत, तर तुमचंही तेच होईल. आणखी एक मढं नाही बघवणार मला...

थांबा. आता पूर्वेचीही नाचतेय.

तिकडे भिंतीपलीकडे फक्त वसाहतीची शाळा आहे. साहेब... तुमची मुलगी आजपासूनच जायला लागली का?