सुंडलचे मागचे पाय

मद्रासच्या बसमध्ये तेव्हा एक रीत होती. उभ्या माणसानं आपली पिशवी खुशाल बसलेल्याच्या मांडीवर द्यायची. ओळख नको, विचारणं नको. उतरताना परत घ्यायची, झालं! किती जणांच्या भाज्या, डबे, छत्र्या अशा परक्या मांड्यांवरून घरी गेल्या असतील, देव जाणे.

१९८६ सालचा नोव्हेंबर. वेपेरीहून तिरुवल्लिकेणीला जाणारी संध्याकाळची बस, बाहेर रिपरिप, आत ओल्या छत्र्यांचा आणि मोगऱ्याचा वास. बायकांच्या बाजूला खिडकीशी हेमावती बसली होती. मांडीवर टॉवेलनं झाकलेली टोपली, डोळे रडून लाल. तेवढ्यात वरून एक लांब हात आला आणि त्या टोपलीवर भलीमोठी कापडी पिशवी ठेवायला लागला.

“अहो, अहो! खालीं जीव अहे!” घाईत ती तमिळ विसरली, तोंडून घरची मराठी निघाली.

पिशवी दचकून वर गेली, कलंडली, आणि तिच्यातून एक इवलासा पाय बाहेर आला — लोखंडी सळ्या, चामड्याचे पट्टे, टोकाला तपकिरी बूट. हेमावती किंचाळली. अख्खी बस वळून बघायला लागली.

“तुम्ही... मराठी?” जत्रेत हरवलेल्या पोराला आई दिसावी तसा पिशवीवाल्याचा चेहरा झाला.

“अगोदर हा पाय कोणाचा तें सांगा!”

“पेरांबूरच्या एका पोरीचा. म्हणजे, तिला बसवायचाय अजून. पोलिओच्या पोरांचे कॅलिपर बनवतो मी, अड्यारला. अमरसिंह माझं नाव. कोल्हापूरचा. चार महिने झाले इथं येऊन, मराठीत कुणाशी साधं भांडलोसुद्धा नाही ओ! टोपलीत काय आहे?”

“ससा,” ती म्हणाली, आणि तिला पुन्हा रडू फुटलं.

सशाचं नाव सुंडल. मरीनाच्या चौपाटीवर विकत घेतला त्याच संध्याकाळी त्यानं हेमावतीच्या हातातल्या सुंडलच्या पुडीत तोंड घालून निम्मे हरभरे फस्त केले होते, म्हणून सुंडल. दोन वर्षं घरभर धुडगूस घातला. मग एकाएकी ताप आला, मेंदूला सूज आली, मान एका बाजूला वळली. औषधांनी ताप गेला, मानही सरळ झाली, पण मागचे पाय गेले ते गेलेच. ओल्या फडक्यासारखे फरफटायला लागले. आज डॉक्टरांनी सांगितलं होतं — औषधाचं काम संपलं. व्यायाम करून बघा. नाही उभा राहिला तर अंगाला जखमा होतील, हाल होतील, त्यापेक्षा सुई देऊन सोडवलेला बरा. आणि तिच्या अप्पांनी, जनकोजींनी, मुदत आधीच ठरवून टाकली होती — पोंगलपर्यंत. दीड महिना.

अमरसिंहनं हे सगळं वाकून, एका हातानं दांडी धरून ऐकलं. मग टॉवेलखाली हात घालून सुंडलच्या मागच्या पायाची बोटं चिमटीत धरली. पाय हलला. तिळाएवढा... पण हलला!

“बघितलंत? पायात जीव आहे की! माझ्या पोरांच्या पायात एवढं बघायला मी तरसतो. ह्याच्या पायांना नुसता विसर पडलाय. आठवण करून देऊ.”

“कोण? तुम्ही?”

“मी. आणि तुम्ही. एकट्याचं काम नाही हे.”

ते ‘आणि तुम्ही’ हेमावतीला का कोण जाणे, घरी पोचेपर्यंत ऐकू येत राहिलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला स्वारी दारात हजर! पत्ता त्यानं बसमध्येच घेतला होता; तो राहायचा दोनच गल्ल्या सोडून, एकट्या पुरुषांच्या मॅन्शनमध्ये. हेमावतीच्या घरची ती गुळगुळीत लाल जमीन बघून त्यानं कपाळाला हात लावला. “ह्याच्यावर मीसुद्धा घसरेन, ससा काय चालणार!” मग काथ्याची चटई आली. कॅलिपरच्या मऊ चामड्याची त्यानं झोळी शिवली, पोटाखालून घालून वर स्टुलाला टांगायची, म्हणजे पाय जेमतेम चटईला टेकतात. एकानं झोळी तोलायची, दुसऱ्यानं पाय पुढं-मागं करायचे. समोर कोथिंबिरीची काडी धरायची, एवढीशी लांब. रोज संध्याकाळी अर्धा तास, समोरासमोर बसून, मध्ये ससा. आता तुम्हीच सांगा, अशात व्हायचं ते होणार नाही तर काय होणार?

“हळू की! पाय आहे तो, पंपाचा दांडा नाही.”

“तुम्हांस सशाची कणव येते, माझ्या हातांची येत नाही? दुखूंलागले.”

“दुखतात? बघू...”

“सशाकडे बघा!”

ससा बघत होता कोथिंबिरीकडे.

“एक सांगू?” तो म्हणायचा. “तुम्ही ‘मजला’, ‘तुम्हांस’ म्हणता ना, मला वाटतं आता खलिता निघणार आणि दारात घोडे येणार.”

“आमची मराठी तीनशें वर्षांमागें तंजावरास आली ती तशीच राहिली. आणि तुम्ही बोलतां तेव्हां वाटतें, कोणी भांडूंलागलेत.”

“मग भांडा की माझ्याशी!”

ते दिवसच निराळे होते. डिसेंबरची मऊ हवा, शेजारच्या घरातून येणारा वीणेचा रियाज, कॉफीच्या डिकॉक्शनचा दरवळ, आणि चामड्याचा तो कोवळा कडवट वास त्याच्या बोटांना असायचा. आज त्या जागी चार मजली फ्लॅट उभे आहेत. पण चामड्याच्या दुकानावरून जाताना हेमावती अजूनही जरा रेंगाळते.

एक दिवस तिच्या आईनं, राजसबाईंनी, कौतुकानं विचारलं, “रोज नुसती कॉफीच पितां. उद्यां कांही करीन. काय आवडतें?”

“शिरा आणि भजी करा की मावशी! लई दिवस झाले.”

राजसबाईंच्या हातातली पळी हातातच राहिली. जनकोजींचा पेपर खाली आला. हेमावती तर उठून परसात पळाली. अहो, त्या मुलुखात मुलगी बघायला येणाऱ्यांपुढं नेमकी हीच बशी ठेवतात — गोड सोज्जी आणि गरम बज्जी! ती हा मुलगा आपल्या तोंडानं मागत होता, आणि तेही मार्गळी महिन्यात, जेव्हा लग्नाचा विषयसुद्धा कुणी काढत नाही.

दुसऱ्या दिवशी झोळी तोलता तोलता तिनं त्याला खालच्या आवाजात हे सांगितलं. तो कानापर्यंत लाल झाला.

“आईशप्पथ, मला नुसती भूक लागली होती ओ...”

“नुसती?”

त्यानं सुंडलचा पाय पुढं केला, मागं केला. “तेव्हा नुसती होती,” तो सशाला म्हणाला.

राजसबाई त्या दिवसापासून मुकाट्यानं मुरुक्कू, तिकडच्या चकल्या, द्यायला लागल्या. पण कॉफीतली साखर वाढली होती, हे हेमावतीच्या लक्षात आलं.

जानेवारी लागला. पोंगल जवळ येत चालला. सुंडल झोळीत जरा जरा जोर द्यायचा, पण उभा काही राहत नव्हता. आणि एका शुक्रवारी — अमरसिंह दोन दिवस चेंगलपट्टूला शिबिराला गेलेला — सकाळी दारात पिठाची रांगोळी, कोलम, घालून हेमावती उठते तर मागून आवाज आला. थप्. तिनं वळून पाहिलं. थप्, थप्! सुंडल उंबरठा ओलांडून, कोलमच्या मधोमध, नाकाला पीठ लावून बसला होता. चार पायांवर!

ती त्याला छातीशी धरून हसली, रडली. आईला हाक मारायला तोंड उघडलं... आणि ते तसंच राहिलं. ससा चालला. म्हणजे काम संपलं. म्हणजे उद्यापासून पाच वाजता कोणी येणार नाही.

आता या मुलीला काय म्हणावं? तिनं हातानं कोलमवरचे पावलांचे ठसे पुसून टाकले, आणि कुणी बघायच्या आत सशाला उचलून टोपलीत झाकून ठेवलं.

शनिवारी तो आला. सुंडलला झोळीत घातलं. तो लबाड पाय लोंबते सोडून मजेत टांगून राहिला. कोथिंबीर आयती तोंडापर्यंत येत असताना कोण कशाला कष्ट करतो! हेमावती खाली मान घालून बघत राहिली. आज सांगू. उद्या सांगू. असे पाच दिवस गेले.

बुधवारी अमरसिंहनं पिशवी उघडलीच नाही.

“बास झालं,” तो हळूच म्हणाला. “आधी जोर देत होता, आता तोही नाही. माझं चुकलं. बसमध्ये उगाच तोंड उघडून तुम्हाला आशेला लावलं. डॉक्टर शनिवारी येतो म्हणालेत... सुई द्यायला. आणि मी पण जातोय, गावाकडं. एक ससा उभा करता येईना मला. मग रोज त्या पोरांच्या आयांना कुठल्या तोंडानं सांगू, पोर चालेल म्हणून? जीभ अडखळते ओ. राजीनामा लिहिलाय.”

त्यानं खिशावर हात ठेवला. खिशात घडी केलेला कागद होता. हेमावतीनं तो कागद पाहिला. आपण हे काय करून बसलो!

“थांबा,” ती म्हणाली. तिनं सुंडलला टोपलीतून काढलं आणि चटईवर ठेवलं.

सुंडलनं तोंड धुतलं. मग एक कान धुतला. मग दुसरा.

“सुंडल... चल रे राजा...”

अमरसिंह तिच्याकडे इतक्या कणवेनं बघत होता की तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आणि मग — थप्. थप्, थप्. चटई संपली, लाल जमीन आली, तरी गडी पुढं!

“चालला! अगं, चालला!” तो गुडघ्यांवर आला, हसत सुटला, डोळ्यांतून पाणी. मग हसणं हळूहळू थांबलं. रोज पाय बघणारा माणूस तो. “हा आज चालायला लागलेला नाही. केव्हापासून?”

“शुक्रवारपासून.”

“पाच दिवस? पाच दिवस मी... कशासाठी केलंत हे?”

“ससा चालतो म्हणून कळलें असतें तर तुम्ही आलां नसतां!” ती एवढ्या जोरात म्हणाली की शेजारची वीणा थांबली. मग आवाज अगदी खाली आला. “मजला ससा बरा व्हायला पाहिजे होता. आणि तुम्ही यायला पाहिजे होतां. दोन्ही एकदम कसें मागायचें, तें समजलें नाही.”

त्यानं पिशवी उचलली. “डॉक्टरांना येऊ नका म्हणून सांगतो,” एवढंच म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले. कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही, भोगीला नाही, पोंगललाही नाही. घरात सगळे खूश! जनकोजी स्वतः गाजरं घेऊन आले, शेजारणी सशाला बघून गेल्या. ज्याच्यासाठी दीड महिना हात मोडून घेतले तो घरभर उड्या मारत होता, आणि हेमावतीला ते बघवत नव्हतं. आपल्या हातानं घालवलं, आता रडून काय उपयोग, असं स्वतःला म्हणायची आणि रडायची.

आठ दिवस झाले. माट्टु पोंगल, जनावरांचा सण. राजसबाईंनी सुंडलच्याही कपाळाला कुंकू लावलं होतं. पाच वाजले आणि गल्लीत कोल्हापुरी वहाणांची करकर आली. हेमावती स्वयंपाकघराच्या दारात खिळून उभी राहिली.

अमरसिंह आत आला. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी नाही.

“ससा परसांत अहे,” राजसबाई म्हणाल्या. “जा, बघा.”

“सशाकडं काम नाही, मावशी.” तो जनकोजींच्या समोर जाऊन उभा राहिला. “काका, राजीनामा फाडला. मद्रासलाच राहणार. आठ दिवस रागात होतो... खूप राग आला होता. पण पाच वाजले की पाय इकडंच वळायचे, मी त्यांना माघारी न्यायचो. आज ऐकेनात. मी हेमावतीला बघायला आलोय.”

जनकोजींनी पेपरची घडी केली, चष्मा काढला, आणि त्याच्याकडे टक लावून पाहिलं.

“दीड महिना रोज बघूंलागलांत कीं! अत्तां काय राहिलें?”

“विचारायचं राहिलं,” अमरसिंह म्हणाला, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे वळला.

“होय,” हेमावती म्हणाली. त्यानं अजून विचारलंही नव्हतं.