लिलीच्या उशाशी

डबा उघडला आणि अलेयम्मांचा हात थबकला. मलमलीच्या घड्या होत्या, घड्यांत पेरलेल्या लवंगा होत्या. लिलीचा फोटो नव्हता.

बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा चव्वेचाळीस वर्षं त्यांच्या कपाटात होता. सहा वर्षांची लिली तापाने गेली तोवर तिचा एकही फोटो काढलेला नव्हता. काढला तो एकच, मातीला नेताना. केरळातल्या मीनच्चिल नदीकाठच्या ख्रिस्ती घरांची रीतच ती, शवपेटीभोवती सगळं घराणं उभं करायचं. अलीकडे लेकीचा चेहरा नीट आठवेनासा झाला होता, म्हणून म्हातारी दिवसातून दोनदा डबा उघडायची. त्यात आज चारला छापखान्याचा माणूस येणार होता. घराण्याच्या इतिहासाच्या पुस्तकात तो फोटो जायचा होता.

"कोणी फाटकाबाहेर जायचं नाही," त्या म्हणाल्या. त्या घरात हे दोनदा सांगावं लागत नसे.

आधी सून, जेस्सी.

"कपाटात हात घातलास?"

"नाही, अम्मच्ची."

"डांबराच्या गोळ्या टाकायला?"

"टाकल्या असत्या तर वास आला नसता का?"

अलेयम्मांनी डबा हुंगला. नुसती लवंग. सून सुटली.

जेस्सीनेच मग अल्बम आणून दाखवला. एका पानावर चार काळे कोपरे तेवढे उरले होते, मधलं चित्र गायब. अलेयम्मांचा दीर कुरियच्चन, त्याचा विशीतला, मिशी फुटतानाचा फोटो.

"त्याचं थोबाड कोण कशाला चोरेल?" म्हातारी म्हणाली खरी, पण पाय थांबेनात. पडवीतून माजघरात, माजघरातून पडवीत. भिंतीवर नवऱ्याच्या अंत्यविधीचा फोटो होता. त्यात मुलगाही उभा होता, जो कुवेतहून महिन्याने पोचला होता. अलेयम्मा त्यापुढे जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या.

पुस्तक जुळवणारे, नवऱ्याचे चुलतभाऊ वर्कीसार कपाळ पुसत बसले होते. फोटो हातात पडलाच नाही म्हणाले. आली ती फक्त फोटोखाली छापायच्या नावांची यादी.

"कोणी दिली?"

"कुरियच्चनने. चांगल्या अक्षरात."

यादीत लिलीच्या उशाशी नाव होतं कुरियच्चनचं.

कुरियच्चन स्वयंपाकघरात मासळीच्या कालवणात उकडलेला कंद बुडवून खात होता.

"चोर घरात आणि तुझा घास काही अडत नाही."

"उपाशी राहून फोटो मिळणार आहे का, चेडत्ती?" तो वहिनीला म्हणाला.

"त्या दिवशी तू कुठे होतास?"

"विचारायचं का ते? उशाशी. पेटीवर हात ठेवून." हे तो चव्वेचाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आला होता.

अलेयम्मांनी सगळ्यांना पडवीत बसवलं.

"लिलीचा फोटो मला पाठ आहे. पायाशी मी, बाजूला वर्कीसार. उशाशी माणूसभर जागा मोकळी. तिथे कोणी नाही. पुस्तक छापलं की सगळ्या मुलखाला ते दिसणार. पण चोराला फोटो नुसता लपवायचा असता तर त्याने लिलीचाच नेला असता. दोन नेले, म्हणजे जोडायचे होते. भिंतीवरच्या त्या फोटोत स्टुडिओवाल्याने माझा मुलगा कुवेतहून आणून उभा केला, तसा. यादी आधी आली, फोटो मागून येणार होता. काढ, कुरियच्चन. शर्टाखाली फुगलंय."

त्याने पाकीट काढलं. आत जुना फोटो आणि एक नवा, चकचकीत. नव्यात विशीतला कुरियच्चन पेटीवर हात ठेवून उभा होता.

म्हातारी मात्र नव्यातल्या लिलीकडे बघत होती. "हनुवटीवरची खूण कुठे गेली?"

"डाग समजून पुसली असेल स्टुडिओवाल्याने."

"विहिरीच्या पायरीवर आपटली होती. तूच खांद्यावर टाकून दवाखान्यात पळालास."

कुरियच्चनने पाकीट खाली ठेवलं. मग म्हणाला, "मी नदीवर बसलो होतो, चेडत्ती. चर्चची घंटा ऐकू येत होती. पेटीत तिला बघवलं नसतं."

"फोटोवाल्याला आम्ही अर्धा तास थांबवलं होतं," अलेयम्मा म्हणाल्या. "जागा तुझ्यासाठीच सोडली होती, गाढवा."

फाटक वाजलं. छापखान्याचा माणूस आला होता. अलेयम्मांनी जुना फोटो वर्कीसारांच्या हातात दिला.

"याचं नाव खोडू का?" वर्कीसारांनी हळूच विचारलं.

"खोडू नका. लिहा, उशाशी रिकामी जागा, ती कुरियच्चनची."