सव्वासहाच्या एसटीतला भूगोल

"ओ ताई, जरा मनात वाचा की. माझी झोप हितंच असतीया."

खांद्याशी आलेली ही कुरकुर श्रुतीनं ऐकली आणि न ऐकल्यासारखी केली. मलकापूरहून कोल्हापूरला जाणाऱ्या सव्वासहाच्या एसटीत ती रोज अशीच पुटपुटत पाठ करायची. घरी धारा, भाकऱ्या, धाकट्या भावंडांचं आवरणं. कॉलेज सुटलं की शिकवण्या. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाच्या वाट्याला वेळ उरायचा तो एवढा एसटीतलाच. म्हणून तिनं पुठ्ठ्यावर वेळापत्रक काढलेलं – बांबवड्यापर्यंत इतिहास, तिथून केर्लीपर्यंत भूगोल, केर्ली ते पंचगंगेचा पूल उजळणी.

"तुमची झोप माझ्या वेळापत्रकात बसत न्हाय," ती म्हणाली.

"आणि तुमचा भूगोल माझ्या झोपंत बसत न्हाय."

बांबवड्याला चढलेला हा नागसेन. दिवसा शिरोलीच्या फौंड्रीत काम, संध्याकाळी डिप्लोमाचे वर्ग, रात्री अभ्यास. झोप तेवढी एसटीत. शेवटी तह झाला. तिनं हळू वाचायचं, आणि पूल आला की त्याला उठवायचं. ताई मात्र त्यानं पुन्हा कधी म्हटलं नाही.

पावसाळा सरला. सकाळी उसाच्या फडांवर धुकं रेंगाळायला लागलं, खिडकीतून गुऱ्हाळाचा कोमट, गोड वास आत यायचा. मिटलेल्या डोळ्यांच्या त्या चेहऱ्यावर कोवळं ऊन सरकत जाई, आणि श्रुतीचं एकच पान तीन-तीनदा वाचून होई. आधी ती त्याला पुस्तकानं ढोसून उठवायची. मग बोटानं. मग नुसतं हळूच, "पूल आला..." एवढ्यावर तिचा सगळा दिवस सरायचा.

मागच्या बाकावर दहीवाल्या तानाबाई असत. श्रुतीशेजारी कुणी टेकायला लागलं की म्हणत, "तितं बसू नगा पावणं, जागा धरलीया." कुणासाठी, ते कंडक्टरनंसुद्धा कधी विचारलं नाही.

जानेवारीत श्रुतीला कोल्हापुरात वसतिगृहात जागा मिळाली. रोजचे तीन तास वाचणार म्हणून वडील सगळ्या गल्लीला सांगत सुटले. सोमवारी जायचं होतं. शनिवारी तिनं नागसेनला सांगितलं.

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बरं झालं की. तीन तास म्हंजे लय झालं." आणि त्यानं डोळे मिटले.

श्रुतीनं भूगोल उघडला. पानावर हात ठेवून ती न बघता म्हणू लागली. "जांभी मृदा... जोराच्या पावसानं चुना वाहून जातो... आणि..." पुढचं आठवेचना.

"लोखंड मागं राहतंय," मिटल्या डोळ्यांनी नागसेन म्हणाला. "म्हणून लाल दिसती."

ती बघतच राहिली. "झोपला न्हाईसा?"

"दिवाळीपासनं न्हाय."

"मग डोळं का झाकता?"

"उघडलं तर बोलावंसं वाटतंय. तुमच्या पुठ्ठ्यावर बोलायला जागा कुठं हाय?"

श्रुतीला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. केर्ली अजून लांब होती, तरी तिनं पुस्तक मिटलं.

"जावा तुम्ही," तो म्हणाला. "परीक्षा तोंडावर हाय. माझी बी झोप हुईल."

"जाणार हाय. पास बी होणार हाय." ती थांबली. "पण दर रविवारी दुपारी मोकळी असणार. रंकाळ्यावर... याल?"

मागं तानाबाईंचा पाटीवरचं फडकं सारखं करणारा हात थांबला.

"कशाला?" त्यानं विचारलं. डोळे मिटलेलेच – पण पापण्या थरथरत होत्या.

"तू आवडतोस मला, नागसेन. म्हणून."